बिनमार्जिनचा ब्लाउज

आमचे हे लेडीज टेलर. तीस-एक वर्षं सोलापुरातल्या बायकांचे ब्लाउज शिवतायत, पण आजवर एकाही बाईला 'तुम्ही सुटलाय' असं त्यांनी म्हटलेलं नाही. बाई दुकानात येते, मागच्या दिवाळीचा ब्लाउज काउंटरवर टाकते आणि म्हणते, "धुण्यात आटला की हो." हे गंभीर चेहऱ्यानं कापड चिमटीत धरतात. "व्हय ताई, ह्या कापडाची जातच तसली हाय. ठेवून जावा, करून देतो." मग शिवण उसवायची, आत राखून ठेवलेलं मार्जिन, म्हणजे जास्तीचं कापड, थोडं बाहेर घ्यायचं आणि नवी टीप मारायची. बाई कापडाच्या नावानं खडे फोडत खुशीत घरी जाते.

हे सगळं मला लग्नापासून माहीत आहे. कितीदा तरी मी दुकानाच्या स्टुलावर बसून तोंडावर पदर धरून हसले आहे. तेव्हा निदान मी तरी फसायला नको होतं.

माझं वजन हा आमच्या घरात कुणी न काढायचा विषय होता. शाळेच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसायची माझी नोकरी. आधी गुडघे गेले, मग शुगर आली, मग झोपेत श्वास अडकायला लागला. शेवटी पोटाची पिशवी लहान करायचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं. ठरवलं मी, आणि घाबरले हे. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं, काही शंका आहे का विचारलं. ह्यांनी एवढंच विचारलं, "भाकरी खाईल न्हवं ही?" डॉक्टर म्हणाले, चतकोर खाईल. त्या चतकोराचं ह्यांनी इतकं मनाला लावून घेतलं की बरेच दिवस ताटावर बसल्यावर आधी माझ्या ताटाकडे बघायचे आणि मग स्वतःची अर्धी भाकरी परत टोपलीत टाकायचे.

पहिलं वर्ष मात्र झकास गेलं. वजन आपोआप उतरत होतं. केस गळले, तोंडाची चव गेली, घोट घोट पाणी पिऊन कंटाळा आला, पण रस्त्यानं जाताना बायका वळून बघायच्या. माढ्याला माहेरी गेले तर आईनं दारातच गळा काढला, "आगं, लई वाळलीस की गं! डाक्टरला दाखवलं का न्हाई?" म्हटलं, "डाक्टरनंच केलंय की आई." तिला काही ते पटलं नाही. जाताना तिनं शेंगापोळ्यांचा डबा माझ्या पिशवीत कोंबला.

चालायची सवय मला शेजारच्या काकूंनी लावली. काकू घरात तेलुगू बोलतात, त्यांच्या घरी पूर्वी माग होते. उजाडलं की आमच्या खिडकीखाली उभ्या राहून त्या हाक मारायच्या, "रा अम्मा, रा!" म्हणजे ये बाई, ये. ती हाक ऐकून आख्खी गल्ली उठायची, त्यामुळे मलाही उठावंच लागायचं. आम्ही तळ्याच्या कडेनं चालायचो. काकूंचं तोंड पायांपेक्षा जोरात चालायचं. जावयाचे पराक्रम, सुनेची भाजी, मागाचे जुने दिवस सगळं ऐकत माझी फेरी कधी पूर्ण व्हायची कळायचं नाही. दर रविवारी हे माझे ब्लाउज दुकानात न्यायचे, आत घेऊन, इस्त्री करून आणायचे. मी आरशासमोर फिरून बघायची, आणि हे दाराशी उभे राहून आपलंच काहीतरी कौतुक चाललंय असं लाजायचे.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला गेल्या आणि नातवाच्या मायेनं तिकडेच राहिल्या. त्याच सुमारास वजनही उतरायचं थांबलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पहिलं वर्षभर ऑपरेशन काम करेल, पुढचं तुम्हालाच करायचंय, चालणं सोडू नका. पण लोकांचं कौतुक आटलं होतं. त्यांनी मला बारीक बघून झालं होतं, आता त्यात नवल उरलं नव्हतं. एकटीनं तळ्याकाठी चालताना मला माझ्याच बुटांचा आवाज ऐकू यायचा आणि जीव नको व्हायचा.

चालायला न जायची कारणं शोधण्यात मी चांगलीच तरबेज झाले. उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात चिखल, मधल्या काळात कुत्री. जूनमध्ये शाळेचे प्रवेश, मार्चमध्ये परीक्षा. मोबाइलवर पावलं मोजणारं एक ॲप घेतलं होतं. ते संध्याकाळी टुणकन वाजायचं आणि मला चालायला सांगायचं. मी त्याचा आवाज बंद केला. जवळच्या जिममध्ये नाव घातलं, तर शिकवणारी पोरगी मला 'आंटी, एनर्जी!' म्हणून ओरडायची. माझ्यात एनर्जी होती, पण ती सगळी तिच्यावर चिडण्यात खर्च व्हायची. ऑफिसात ड्रॉवरमध्ये खारे शेंगदाणे असायचे. पोटाची पिशवी लहान झाली होती, हात पूर्वीएवढाच होता.

वजनकाटा मी माळ्यावर टाकला होता. एकच गोष्ट मला धीर द्यायची. ब्लाउज होत होते. रोज सकाळी हुक लावताना मी मनाशी म्हणायची, बघ, होतोय की नाही? मग कशाला जिवाला घोर? आज नाही गेलं चालायला तर काय बिघडतंय? अशानं चालणं सुटलं ते सुटलंच.

ह्यांना घेऊन तपासणीला गेले तेव्हा नर्सनं काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून डॉक्टरांकडे पाहिलं. बरंच वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून हाताबाहेर गेलेलं नाही, पण असंच चाललं तर शुगरच्या गोळ्या परत सुरू कराव्या लागतील. माझा विश्वासच बसेना. मी भांडायलाच उठले. "तुमचा काटा बिघडलाय डॉक्टर. वजन वाढलं असतं तर ब्लाउज घट्ट झाले नसते का? माझे सगळे ब्लाउज मला होतात!"

मी साक्षीसाठी ह्यांच्याकडे वळले. हे पंख्याकडे बघत होते. दवाखान्यातला तो पंखा बंद होता.

घरी आल्यावर कपाटातले ब्लाउज काढून पलंगावर टाकले आणि एकेक उलटा केला. काखेपासून खाली जाणाऱ्या शिवणीच्या शेजारी सुईच्या बारीक भोकांची एक रांग होती. जुनी टीप तिथून गेली होती. काही ब्लाउजांवर अशा दोन-दोन रांगा होत्या. मधली कापडाची पट्टी बाकीच्या कापडापेक्षा गडद होती, तिनं बरेच दिवस ऊन पाहिलं नव्हतं. दर रविवारी इस्त्रीला म्हणून ब्लाउज दुकानात जात होते आणि हा माणूस माझ्या नकळत थोडं थोडं मार्जिन सोडत होता.

"ह्ये काय हाय?" मी विचारलं.

हे दाराशीच उभे. "इरली बिडू," म्हणाले. ह्यांचं गाव कर्नाटकच्या सीमेवरचं दुधनी, अडचणीत सापडले की ह्यांना कानडी सुचतं. असू दे, सोड, असा त्याचा अर्थ.

"असू दे काय? मी काय तुमची गिऱ्हाईक हाय का? मला बी फसवायचं?" मी इतकी चिडले होते की हातातला ब्लाउज त्यांच्या अंगावर फेकला. त्यांनी तो झेलला आणि सवयीनं घडी घातली. त्यामुळे मी आणखीनच चिडले. "दुसऱ्या बायकांशी खोटं बोलता ते बोलता. ह्या ऑपरेशनला मी किती सोसलंय, तुमी बघितलं न्हाई का? सगळं परत पहिल्यासारखं झालं असतं म्हंजे?"

ह्यांनी घडी घातलेला ब्लाउज पलंगावर ठेवला. मग पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "काकू गेल्यापास्नं तू हसत न्हवतीस. चालायला न्हाई गेलीस की तुजं तोंड उतरायचं. त्यात एक दिवस हिरवा ब्लाउज घट्ट झाला तर तू जेवलीच न्हाईस. आधीच चिमणीएवढं खातीस. मला वाटलं, कापड घट्ट हाय म्हणून हिनं उपाशी कशाला ऱ्हायचं. अर्धा इंच सोडला. तू खूश झालीस. मग सोडतच गेलो."

तो हिरव्या ब्लाउजाचा दिवस मला आठवतही नव्हता.

माझा राग ओसरला असं नाही, पण तो कुणावर काढावा ते कळेना. ह्यांनी मला फसवलं हे खरं. पण कुणीतरी फसवावं म्हणून मीही टपूनच बसले होते, नाहीतर शिंप्याच्या बायकोला स्वतःची शिवण ओळखू येत नाही? शेजारी बसून मी रडले. हे माझ्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मधूनच म्हणत राहिले, "चा करू का? बिनसाखरेचा करतो."

त्यानंतर मी लगेच उठून चालायला लागले असं सांगायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. दोन दिवस गेले आणि पुन्हा गुडघा दुखायला लागला, पुन्हा ऊन वाढलं. मला माझं चांगलं कळलं होतं. जिथं थोडी सूट मिळेल तिथं ती घेणारी बाई मी. आणि मला सूट देणं ह्यांच्या हाडामासात मुरलेलं.

म्हणून एका शनिवारी अर्धी सुट्टी झाल्यावर मी खणाचं एक कापड घेऊन दुकानात गेले. म्हटलं, "माप घ्या. आज हाय त्या मापाला ब्लाउज शिवा. आणि आत मार्जिन ठिऊ नका."

ह्यांना आधी चेष्टा वाटली. मग म्हणाले, "तसं शिवत न्हाईत."

"का न्हाईत?"

"आगं, मार्जिन न ठेवता कापलं आणि उद्या माणूस जरा सुटलं तर कापड वाया. गिऱ्हाइकाचं नुकसान. आमच्या वडलांनी कदी केलं न्हाई, मी केलं न्हाई."

"उद्या मी सुटणार, असं वाटतंय न्हवं तुमाला?"

ह्यांनी गळ्यातली टेप काढली. एरवी माझं माप घ्यायची त्यांना गरज पडत नाही, नजरेनंच कळतं. त्या दिवशी त्यांनी सगळी मापं घेतली, आणि छातीचं माप घेऊन झाल्यावर टेप तिथंच धरून विचारलं, "बोटभर तरी ठिऊ दे की. अडीनडीला." मी नाही म्हटलं. "अर्धं बोट?" मी पुन्हा नाही म्हटलं. "तुजी गम्मत चालली असंल, मला भ्या वाटतंय," ते म्हणाले. "परत तुला श्वास लागंल, परत दवाखाना. तवा अंगाला बसंल असं काय तरी घरात असावं म्हणून ठेवतो मी. तू हरावीस म्हणून न्हाई."

मलाही भीतीच वाटत होती. तसं मी त्यांना सांगितलं. आणि सांगितलं की म्हणूनच कापा.

त्यांनी कापड टेबलावर पसरलं, खडूनं रेघ मारली. सवयीनं बाहेरून दुसरी रेघ मारायला हात गेला, तो थांबला. मग कात्री चालली. एरवी ह्यांची कात्री एका दमात सरकते. त्या दिवशी ती तीन ठिकाणी थांबली, आणि दर वेळी ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवत राहिले. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सुटून खाली पडल्या. हे म्हणाले, "आता माज्या हातात काय ऱ्हायलं न्हाई बग."

माझ्या ऑपरेशनला मला भूल दिली होती. ह्यांनी ते कापड पूर्ण जागेपणी कापलं, आणि मी हरणार नाही यावर एवढा विश्वास आजवर मीसुद्धा ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडताना खिडकीखाली हाक मारायला कुणी नव्हतं. मी उठून बूट घातले.