दारातली पिकअप

नवऱ्याची नोकरी गेली त्या दिवशी तो लवकर घरी आला आणि त्याने स्वतःच चहा टाकला. मी नुकतीच शाळेतून आले होते. शनिवार पेठेतून कात्रजपर्यंत संध्याकाळच्या गर्दीत स्कूटर चालवत आलं की बराच वेळ मला कुणाशी बोलवत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याने कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आमची सगळी टीमच काढली."

मी म्हणाले, "बरं." आणि कप उचलला.

लग्नाच्या आधीपासून तो हिंजवडीला जात होता. आता कंपनीची बस कोपऱ्यावरून जायच्या वेळी तो आंघोळ करून, केस विंचरून फाटकाशी उभा राहायचा. बस गेली की आत यायचा. पहिले काही आठवडे मुलाखती झाल्या. सगळ्यांना अनुभव हवा होता, पण इतका नको होता. मग मुलाखती कमी झाल्या, दाढी वाढली. आणि एका रविवारी, मी दहावीच्या सराव परीक्षेचे भूगोलाचे पेपर तपासत बसले असताना, क्रेनच्या गाडीवर लादून ती दारात आली.

बोपदेव घाटापलीकडे एका गॅरेजच्या मागे ती कित्येक वर्षं पडून होती म्हणे. जीपसारखं नाक, गोल दिवे, आणि मागे उघडा हौदा. पुढची काच नव्हती. हौद्याच्या पत्र्याला पडलेल्या भोकातून बाभळीचं एक रोप वर आलं होतं, ते मुळासकट सोबत आलं होतं. सीटच्या स्प्रिंगांमध्ये कुठल्यातरी कोंबडीने संसार थाटलेला दिसत होता. मूळ रंग कोणता हे सांगता आलं नसतं. हात लावला तर तपकिरी भुकटी तळव्याला लागायची.

"टेम्पो आणलास?" मी विचारलं.

"पिकअप आहे," तो म्हणाला. "क्लासिक. आता बनत नाहीत."

सासूबाई ओट्यापाशी भाजी निवडत होत्या, त्या बाहेर आल्या. सासरे गेल्यापासून त्या नागपूरकडचं घर बंद करून आमच्याकडे असतात. पुण्यात इतकी वर्षं काढूनही बोली तिकडचीच. त्यांनी पिकअपला एक फेरी मारली आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "काय आणलं बाप्पा हे? भंगारवाले लोकं घरून नेतात, तू घरी आणून राहिला?"

शेजारच्या रो-हाऊसमधले निवृत्त साहेब कुंपणावरून बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "अहो, रिकामी जागा होती तेव्हा जास्त छान दिसायची."

नवरा हसला. पुष्कळ दिवसांनी हसला, म्हणून मी आत जाऊन परत पेपर तपासायला बसले.

मग घर भरायला लागलं. आमचं अंगण म्हणजे एक गाडी जेमतेम मावेल एवढं. उघडलेला प्रत्येक भाग आत यायचा. बॉनेट दिवाणाखाली गेलं. दिव्यांची भांडी गॅलरीत, कुंड्यांच्या शेजारी. नट-बोल्ट सासूबाईंच्या जुन्या लोणच्याच्या बरण्यांत डिझेलमध्ये भिजत पडले. इंजिन तेवढं स्वारगेटजवळच्या एका गॅरेजला गेलं, कारण ते घरी होण्यासारखं नव्हतं. घराला डिझेलचा वास लागला. शाळेत एका मुलीने मला विचारलं, "बाई, तुम्ही पेट्रोल पंपावरून येता का?"

मी थकलेली होते. शाळा, क्लासला येणारी मुलं, सासूबाईंच्या गुडघ्याचे डॉक्टर, आणि वर हा तपकिरी धुरळा, जो रोज पुसूनही रोज असायचा. एकदा मी रागाने म्हणाले, "तू जरा अर्ज तरी करत जा. दिवसभर तो पत्रा काय घासतोस?"

"पत्रा घासला की घासलेला दिसतो," तो म्हणाला.



पावसाळ्याच्या मध्यावर त्याने तेही सोडलं. एका कंपनीत मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या, पगाराचंही बोलणं झालं होतं आणि मग नुसता निरोप आला की ती जागाच रद्द झाली. त्या दिवसापासून त्याने पान्ह्याला हात लावला नाही. ताडपत्रीखाली, बिनकाचेच्या केबिनमध्ये तो जाऊन बसायचा. स्टिअरिंगवर हात नसायचे, मांडीवर असायचे. मी शाळेतून यायचे तेव्हा त्याचे गुडघे ताडपत्रीच्या फटीतून दिसायचे. जेवायला हाक मारली की यायचा, जेवायचा, आणि परत जायचा.

सासूबाई मला म्हणाल्या, "तू काही बोल न त्याले."

"काय बोलू आई?"

"मले काय माहीत? माझं ऐकत नाही, तुझं ऐकते."

माझंही ऐकत नव्हता. डॉक्टरांकडे चल म्हणून मी दोनदा म्हणाले, दोन्ही वेळा त्याने मान हलवली आणि उठला नाही.

अंगणातल्या फरशीवर गंजाच्या पाण्याचे ओघळ उतरले होते, फाटकापर्यंत. एका शनिवारी मी ते घासायला बसले. फरशी घासता घासता लक्षात आलं की वरून गळायचं थांबत नाही तोवर खाली घासून काही उपयोग नाही. उजवीकडचं दार खाली काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. नवऱ्याच्या वायर ब्रशने मी ते घासायला लागले. आवड म्हणून नाही, फरशीसाठी. तो आत केबिनमध्ये बसलेला होता, माझ्यापासून दोन हातांवर. खर्र खर्र आवाज तेवढा चालला होता. हात भरून आले तसा मी हात बदलला.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "एवढं दाबू नकोस. पत्रा पातळ झालाय तिथे."

मी दाब कमी केला.

"आणि तोंडाला रुमाल बांध."

"तू बांधून दे. माझे हात भरलेत."

तो उतरला. रुमाल बांधताना त्याची बोटं माझ्या मानेला लागली, गार होती. मग तो परत केबिनमध्ये गेला नाही. पॉलिश पेपरचा एक तुकडा घेऊन दाराच्या दुसऱ्या टोकाला बसला.

त्यानंतर आम्ही शनिवार-रविवार दोघं बसायला लागलो. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात काही गंमत नाही. घासायचं, पुसायचं, बोट फिरवून बघायचं, परत घासायचं. जिथे पत्रा अगदीच खाल्लेला होता तिथे वेल्डिंगवाल्याला घरी बोलावून तुकडे जोडून घेतले. पायाखालचा पत्रा तर जवळजवळ सगळाच नवा. मग गंज थांबवायला लाल ऑक्साइडचा हात, मग पुट्टी, मग परत घासणं. सोमवारी वर्गात फळ्यावर नकाशा काढताना माझा खांदा वर जायचा नाही. पण समोरासमोर बसून, खाली बघत, हात चालू असताना माणूस बोलतो. जेवणाच्या टेबलावर बोलत नाही ते बोलतो.

एकदा मागच्या चाकाजवळ दोघं गाडीखाली आडवे पडलो होतो तेव्हा मी विचारलं, "तुला खरंच परत नोकरी हवी आहे का?"

तो चॅसिसवरची माती खरवडत राहिला. मग म्हणाला, "हवी तर आहेच. नाही मिळाली तर काय करू? पण सकाळची भीती वाटते. जाग आली की आधी बसची वेळ बघतो. मग आठवतं की कुठे जायचं नाहीये."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दमलेली असतेस."

मी खरंच दमलेली होते, त्यामुळे खोटं बोलून त्याला धीर देता आला नाही. त्याच्या हातातली खरवडणी घेतली आणि म्हणाले, "उद्या डॉक्टरांकडे जायचंय. मी अर्धी रजा टाकते." या वेळी तो आला. गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंकडे जाऊन बोलायचं, तेही सुरू झालं. पिकअपने त्याला बरं केलं असं आमच्या नातेवाइकांत सांगतात. तसं काही नाही. पण डॉक्टरांपर्यंत जायचं बोलणं तिच्याखाली झालं, एवढं खरं.

दिवाळीनंतर इंजिन परत आलं. चढवायला गॅरेजची दोन माणसं आली होती. किल्ली फिरवली, दोन-तीनदा नुसतं कण्हणं, आणि मग ती एकदम सुरू झाली. काळ्या धुराने अंगण भरलं. सासूबाई पदर नाकाला लावून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "चालू झाली न? मंग बंद कर आता." शेजारच्या साहेबांनी खिडक्या लावून घेतल्याचे आवाज आले, एकामागून एक.

आणि मग, हौद्याची एक बाजू आणि अर्धं बॉनेट व्हायचं राहिलं असताना, त्याला नोकरी लागली. खराडीला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आधीपेक्षा खालची जागा, वर्षाच्या करारावर. तो परत सकाळी केस विंचरून निघायला लागला. परत आला की चेहरा राखेसारखा. शनिवारी झोपायचा. महिना-दोन महिन्यांनी म्हणाला, "विकून टाकू का ती? होत नाही आता."

मला बरं वाटायला हवं होतं. मी म्हणाले, "बघ."

त्याने इंटरनेटवर फोटो टाकले. हिंजवडीकडे कॅफे काढणारा एक तरुण बघायला आला. नम्र होता, बूट बाहेर काढून आत येणारा. पिकअपभोवती फिरला आणि अजून न घासलेल्या बाजूपाशी थांबला.

"काकू, हा रस्टी लूक आहे ना, अमेझिंग आहे! आम्ही हाच ठेवणार. वरून फक्त क्लिअर कोट. एन्ट्रन्सला उभी करू, हौद्यात झाडं लावू."

"इंजिन नवीन बांधलंय," नवरा म्हणाला.

"इंजिन नकोच आम्हाला, काका. ते तुम्ही काढून विका. आणि ही बाजू जी तुम्ही रंगवलीये ना, ती परत डिस्ट्रेस करून घेऊ. आमच्याकडे माणूस आहे, ॲसिड मारून मस्त गंज आणतो."

नवरा मान हलवत होता. तो कशालाही मान हलवेल इतका थकलेला होता. मी त्या दाराकडे बघत होते. त्या दाराच्या कोपऱ्यात मी नखाने पॉलिश पेपर फिरवला होता, तिथे ब्रश जात नाही म्हणून.

"विकायची नाहीये," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"काकू, किमतीचं आपण बोलू शकतो..."

"किमतीचं नाही. विकायची नाहीये. सरबत घेऊन जा, आत केलंय."

तो गेल्यावर नवरा म्हणाला, "तुला तर ती नकोच होती."

"नव्हतीच."

"मग चालवणार कोण?"

"मी."

मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. आणि लगेच दमायलाही झालं, कारण आता उरलेली बाजू मलाच घासायची होती.

ती मी घासली, उन्हाळ्याच्या सुट्टीत. मला हवे तसे बदलही करून घेतले. स्टिअरिंग इतकं जड होतं की वळवताना कंबर धरायची, म्हणून पॉवर स्टिअरिंग बसवलं. सीट पुढे घेतली. चढायला लोखंडी पायरी लावली, माझ्यासाठी आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. पुढची काच आणि सीटचे पट्टे बसवले. त्याच्या मनात गडद हिरवा होता, मी दुधी रंग दिला, उन्हात कमी तापतो म्हणून. रंग बदलल्याची नोंद, तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण यासाठी ज्या खेपा झाल्या त्यांचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी त्या केल्यात त्यांना सांगायला नको.

आता रविवारी मी ती काढते. सासूबाईंना भजनी मंडळाच्या बायकांकडे सोडायचं असतं, कधी मार्केट यार्डातून महिन्याचे कांदे-बटाटे. शेजारचे साहेबही एकदा कुंड्यांची माती आणायची म्हणून, अगदी नाइलाजाने, आपण जरा येऊ शकाल का, असं विचारून गेले. क्लच अजून कडक आहे. घरी आल्यावर डाव्या गुडघ्याला शेक द्यावा लागतो.

मागच्या रविवारी नवरा सोबत आला. आंबेगावच्या उतारावर गर्दी होती, आम्ही रांगेत उभे होतो. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "करार संपत आलाय. पुढचं काही बोलत नाहीयेत."

"हं."

"या वेळी पुन्हा तसं झालं तर..."

मी त्याच्याकडे बघितलं. दाढी केलेली होती. डोळे थकलेले होते, पण ते माझेही होते.

"तर सांग," मी म्हणाले. "दमलेली असले तरी सांग."

त्याने मान हलवली. पुढची गाडी सरकली. मी क्लच दाबून गिअर टाकला.

"सावकाश," तो म्हणाला. "डावीकडून रिक्षा घुसतेय."