धाकट्या जावेचा जपानी खेळ

माझ्या धाकट्या जावेइतकी हेवा करायला सोयीची बाई मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. सकाळी तिचा हेवा करायला बसावं, तर दिवेलागणीपर्यंत नवनवी कारणं तीच पुरवायची, आणि वर गरम पोळीही आग्रहाने आपल्यालाच वाढायची. सासरे गेल्यावर दोघा भावांनी बऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यातल्या घरातल्या दोन चुली एक केल्या, तेव्हा ती आणि मी एका ओट्याशी आलो. तोवर आमच्या घरात इंग्रजी म्हणजे मी. मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे. बँकेचं पत्र असो की औषधाच्या बाटलीवरची सूचना, सासूबाई म्हणायच्या, "मोठीला दाखवा." धाकटीला इंग्रजी येत होतंच, पण त्याच्यावर जपानीही येत होतं. लग्नाआधी पुण्यात मावशीकडे राहून ती ते शिकली होती. जपानीच का, असं मी विचारलं तर म्हणाली, फ्रेंचच्या वर्गात पंखा नव्हता.

ही बातमी इतवाऱ्याच्या बाजारात पोचली आणि लोक परदेशी अक्षरं दिसतील ती वस्तू घेऊन आमच्या दारात यायला लागले. टॉर्च, शिलाई मशीनचा डबा, कोणाच्या तरी मामांचं पोटदुखीचं चूर्ण. ती वस्तू उलटसुलट करून बघायची, "हे चिनी आहे," म्हणायची आणि तुच्छतेने परत करायची. बहुतेक वस्तू चिनीच असायच्या. लोकांना वाटायचं, बाई टाळतेय, म्हणजे नक्की मोठी विद्वान असणार. बघता बघता माझ्याकडे इंग्रजी घेऊन येणारेसुद्धा तिच्याकडेच थांबायला लागले.

नेमकं त्याच सुमारास घरात इंटरनेट आलं आणि तिने तो खेळ बाहेर काढला. जुना जपानी व्हिडिओ गेम होता. बाहुल्यांएवढी माणसं, एक तलवारवाला पोरगा गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, राक्षस मारतो, आणि सगळ्यांचं बोलणं खालच्या छोट्या चौकटीत उमटतं. हा खेळ इंग्रजीत कधी आलाच नव्हता. तो इंग्रजीत आणायचं धाकटीने ठरवलं. कंपनीने सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देणार नव्हतं. मग कशासाठी, असं मी विचारलं. तिने कणीक तिंबता तिंबता सांगितलं, "वहिनी, त्यात एका जागी मी पुण्यात पोट धरून हसले होते. एवढी वर्षं एकटीच हसतेय. कंटाळा आला." ती जागा कोणती, ते मात्र तिने सांगितलं नाही. सांगितली तर मजा जाईल म्हणाली.

त्या चौकटीत अक्षरं मोजकीच मावायची, त्यामुळे तिला अक्षरं मोजायचं वेडच लागलं. समोरचा माणूस काहीही बोलला, की ही त्याचं मनातल्या मनात इंग्रजी करून अंगठ्याने बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायची. पाहुण्यांना वाटायचं, सून बसल्या जागी नामजप करते. जसोंडीच्या आत्याबाई तर तिच्या पाया पडायला निघाल्या होत्या. सासूबाईंना सगळं ठाऊक होतं, पण त्यांनी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. मान खाली घालून हसत राहिल्या. रोज पूजा मी करत होते.

खेळातला तो पोरगा जखमी झाला की तांदळाचा एक जपानी गोड पदार्थ खाऊन बरा व्हायचा. त्या पदार्थाचं नाव चौकटीत मावेना. हिने तिथे 'दराबा' घालून टाकला. आपला बऱ्हाणपूरचा दराबा, रवा-साखर-तुपाचा, इंग्रजीत सहा अक्षरांत बसतो, एवढंच तिचं कारण. मी म्हटलं, हे चूक आहे. ती म्हणाली, "खाऊन बरं वाटतं ना? मग बरोबर आहे."

तिने इंग्रजी तपासायला मला दिलं, तेव्हा मी खरं तर सुखावले होते. मी खेळातल्या कोंबड्या विकणाऱ्याचं व्याकरण सुधारलं, न्हाव्याला भूतकाळ नीट वापरायला लावला, खाणावळवालीच्या तोंडी 'काइंडली बी सीटेड' घातलं. धाकटीने ते वाचलं आणि सगळं खोडून खाणावळवालीला नुसतं 'सिट' ठेवलं. "तिच्या हातात उकळतं पातेलं आहे, वहिनी. ती कशाला परीक्षेतलं बोलेल?" मी दोन दिवस तिच्याशी भाजीपुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी ती आपणहून आली आणि म्हणाली, राजाचं आणि त्या मेलेल्या पंडिताच्या भुताचं बोलणं तुम्ही लिहा, ते दोघं अगदी तुमच्यासारखं बोलतात. हा मान होता की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण लिहिलं मी, आणि मन लावून लिहिलं.

खेळात अक्षरं बसवायचं काम आयर्लंडमधला एक टकलू गृहस्थ करायचा. तो तिकडे बस चालवत असे आणि कामावर जाण्याआधी, म्हणजे आपल्या दुपारी, कॉम्प्युटरवर बोलायला यायचा. तो धाकटीला 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणायचा. सासूबाई पडद्यासमोर वाकून रोज त्याला विचारायच्या, "जेवला का रे बाबा?" आणि तो जाड जिभेने म्हणायचा, "जेवलो, आई." मी शाळेतून दमून यायचे ती नेमकी हीच वेळ. मी जेवले का, हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात यायचं नाही. माझ्याबरोबर भाजी निवडत बसणाऱ्या सासूबाई आता तिच्या खुर्चीमागे बसून खेळातल्यांची चौकशी करायच्या, "तो पुजारी वापस आला का गं?"

शेवटी खेळ पुरा झाला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो उतरवून घेतला. कॅनडातल्या कोणीतरी दराब्याची कृती विचारली. घरात पेढे वाटले. मी दोन पेढे खाल्ले आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की ज्यांनी काम केलं त्यांची नावं कुठे असतात. ती म्हणाली, शेवटी येतात, राक्षसांचा राजा मेल्यावर. माझं आहे का, असं काही मी विचारलं नाही. पण ती ओळखून होती. "शेवटपर्यंत खेळा, मग कळेल."

एवढ्यात दिरांची बदली नाशिकला झाली आणि ती दोघं गेली. कॉम्प्युटर ती मागे ठेवून गेली. शाळेतून आल्यावर मी त्याच्यासमोर बसायला लागले. पहिल्याच गुहेत वटवाघळांनी मला इतक्या वेळा मारलं, की सासूबाईंना माझी दया आली. त्या मागे खुर्ची ओढून बसल्या. "पहिले त्या विहिरीवरच्या बुड्ढ्याला विचार, मग वापस ये," असं त्या सांगायच्या, आणि त्यांचं बरोबर निघायचं. त्यांना सगळा खेळ पाठ होता. आम्ही पुन्हा एकत्र भाजी निवडायला लागलो, पडद्यासमोर.

एका किल्ल्यात बंद दारासमोर एक म्हातारा पहारेकरी उभा होता. जन्मभर हेच दार राखतोय म्हणाला. आत काय आहे, असं विचारल्यावर त्याच्या चौकटीत उमटलं, 'कोण जाणे. मला आत सोडत नाहीत.' मी हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासूबाई म्हणाल्या, धाकटीही इथेच हसायची. तिने ती जागा कधी सांगितली नव्हती, तरी मला कळलं, की हीच ती.

राक्षसांचा राजा उन्हाळ्याच्या सुट्टीत मेला. काळ्या पडद्यावर नावं वर सरकू लागली. आधी तिचं, मग बसवाल्याचं. आणि त्याखाली, राजा आणि पंडित यांचं इंग्रजी: वहिनी. एवढंच. नाव नाही, आडनाव नाही. मी सासूबाईंना वाचून दाखवलं, पुन्हा वाचून दाखवलं आणि लगेच नाशिकला फोन लावला.

मला पहारेकऱ्याबद्दल सांगायचं होतं, तिच्यासारखंच हसले हे सांगायचं होतं. "झाला का शेवट?" तिने विचारलं. मी काही बोलणार, तोच तिकडून भांड्यांचा आवाज आला आणि कोणीतरी बाई काहीतरी म्हणाली. कोण गं, मी विचारलं. "शेजारच्या आहेत. रोज येतात दुपारच्या. त्यांना जपानी शिकवतेय," ती म्हणाली. मग आता पुढचा कोणता खेळ इंग्रजीत आणायचा, असं ती बरंच काही सांगत राहिली. माझं लक्ष त्या भांड्यांच्या आवाजाकडे होतं.

"वहिनी, ऐकताय ना?" तिने विचारलं.

तिकडच्या बाईने आणि मी, दोघींनी एकदमच "हो" म्हटलं.