काळी-पिवळीतला सहावा महिना

गाडीच्या सीटखाली हात घातला की काय काय निघतं. बांगडीचा तुकडा, बडीशेपेची पुडी, गोळ्यांचं रिकामं पाकीट, एखादी चप्पल. किस्सेही असेच साठतात. कोणी मुद्दाम ठेवून जात नाही. ज्याचं गाव आलं तो उतरतो, किस्सा गाडीतच राहतो.

माझी काळी-पिवळी जीप आहे. उमरी तालुक्यातली पाच गावं आणि तालुक्याचा दवाखाना, एवढाच माझा रस्ता. शाळा चौथीपर्यंत. गाडी चालवायला तेवढी पुरते. महिन्यातून एक दिवस गाडीत फक्त गरोदर बायका बसतात, तपासणीसाठी. त्या दिवशी पुरुषाला जागा नाही, मग तो सरपंच का असेना. बायका गोळा करायचं काम आमच्या आशाताईचं, सुनंदाचं. बहुतेक गावच्या सुना, म्हणून सगळ्या मला मामा म्हणतात. इतक्या वर्षांत माझ्या गाडीत एकही बाळंतपण झालेलं नाही. वेळेच्या आधी पोचवायचं ही माझी शिस्त. लोक म्हणतात, मामा कडक आहे. आहे.

*

पुढची सीट एक. तिथं धक्के कमी बसतात, म्हणून भांडण. मी नियम केला, जिचे महिने जास्त ती पुढं.

एकदा वंदना नावाची सून येऊन थेट पुढं बसली. म्हणाली, "मला सहावा लागला मामा."

सुनंदा म्हणाली, "मागच्या महिन्यात तिसरा होता तुझा. आडवी हो, बघते."

मी खाली उतरून टायर बघत उभा राहिलो. आतून सुनंदाचा आवाज आला, "सहाव्यात पोट बेंबीच्या वर चढतं माय. तुझं चार बोटं खाली हाय. चौथा चालू हाय. मागं सरक."

वंदना मागं सरकली, पण गप्प बसली नाही. "माझी बेंबीच जरा वर हाय ताई."

*

आता घरचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

माझी सून कविता. माहेर निलंग्याकडचं, लातूर जिल्हा. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा सहाव्या महिन्यात लेकरू गेलं. पहिल्या वेळी ओटी भरायला हिरवी साडीसुद्धा आणली होती. ती पेटीत तशीच राहिली.

तिसऱ्या वेळी नांदेडच्या डॉक्टर मॅडमनी तपासून सांगितलं, पिशवीचं तोंड वेळेआधी उघडतं. चौथ्या महिन्यात त्यांनी टाका घातला. म्हणाल्या, "जपा. लेकरू किलोचं झालं की माझी निम्मी भीती जाईल. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास होतं ते."

त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी महिने मोजले नाहीत. किलोकडं डोळे लावून बसलो. मी आयुष्यभर गाडीच्या टपावर तुरीची पोती वाहिली. एका किलोची वाट अशी कधी पाहिली नव्हती.

दुसरी गोष्ट. मी सुनेशी सरळ बोलत नाही. आमच्यात तशी रीत आहे. काही सांगायचं तर बायकोला सांगायचं, बायको सुनेला सांगते. सून डोक्यावर पदर घेऊन तिच्याच हातून उत्तर पाठवते. सहा वर्षं असंच चाललं. पण गाडीत बायको नसते. म्हणून मी सुनंदाला म्हणायचो, "तिला सांग, पाय लांब कर." सुनंदा सांगायची. कविता सुनंदाला म्हणायची, "त्यांना सांगा, केलेत." सुनंदा मला सांगायची.

दोन हातांवर बसलेल्या माणसांचे निरोप पोचवून ती एक दिवस वैतागली. "मामा, म्या आशा हाय. टेलिफोन न्हाई."

*

सहाव्या महिन्यात साखरेची तपासणी असते. बाटलीभर ग्लुकोजचं पाणी एकटीनं पाच मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. आमच्या गाडीतली मीरा ती बाटली घेऊन बाकावर बसली. बाजूला कविता, वंदना आणि अजून दोघी.

दोन तासांनी तालुक्याच्या डॉक्टर मॅडम रिपोर्ट घेऊन बाहेर आल्या. "मीरा, पूर्ण पाणी प्यालीस ना?"

"हाव म्याडम, सगळं संपलं."

"तू प्यालीस का सगळं?"

मीरा खाली बघत म्हणाली, "समोर चौघी बसल्या. गोड एकटीनं कसं प्यावं?"

चौघींनी दोन-दोन घोट घेतले होते. माझी सूनसुद्धा त्यात. मॅडम माझ्यावर उखडल्या. "मामा, पुढच्या वेळी हिला एकटीला आणा."

मी म्हणालो, "एकटीसाठी गाडी निघत नाही. तुम्ही हिचं तोंड भिंतीकडं करा."

पुढच्या वेळी तसंच केलं. सुनंदा पाठीशी उभी राहिली. मीरा भिंतीकडं तोंड करून प्याली आणि बाटली मागं करत म्हणाली, "तळाशी एक घोट ठेवलाय ताई. तुमच्यासाठी."

*

तपासणीच्या दिवशी सूर्यग्रहण आलं. गावातल्या सगळ्या सासवा दारात आडव्या. ग्रहणात पोटुशीनं बाहेर पडायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही. सुनंदा दारोदार हात जोडत फिरली. एकही सून निघेना. माझी बायकोसुद्धा उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "दोन गेलीत. तिसऱ्याला म्या ग्रहण दाखवणार न्हाई."

तिच्याशी मी वाद घातला नाही. गाडीचे दोन्ही बाजूंचे पडदे सोडले. वरून ताडपत्री बांधली. मागं घोंगडी लावली. मग बायकोला म्हणालो, "आत बसून बघ. सूर्य दिसला तर जाऊ नका."

ती बसली. बाजूच्या दोन सासवाही बसून बघून गेल्या. अर्ध्या तासात गाडी भरली.

दवाखान्यात बायका उतरल्या त्या घामानं भिजलेल्या. मॅडम घाबरल्या. "काय झालं ह्यांना?"

सुनंदा पदरानं वारा घेत म्हणाली, "मामांनी ग्रहण बाहेर ठेवलं. हवा बी तिकडंच राहिली."

*

वंदनाचं पोट एकदाचं बेंबीला पोचलं. तिची सासू सोबत आली. हुशार बाई. मॅडमना म्हणाली, "पोरगा का पोरगी ते म्या इचारत न्हाई. तेवढा कायदा मला कळतो. फकस्त शिवायला काय घेऊ ते सांगा. अंगरखा का फ्रॉक?"

मॅडम म्हणाल्या, "लंगोट शिवा. दोन डझन."

सासू खूश. परतीच्या वाटेवर सगळ्या गाडीला सांगत सुटली, "लंगोट म्हणली बघा. पोरगाच हाय."

वंदना पुढच्या सीटवरून म्हणाली, "अन् पोरगी झाली तर काय उघडी ठेवता, आत्या?"

*

कवितानं पुढच्या सीटवर बसावं असं माझ्या मनात होतं. महिने तिचेच जास्त. पण सासऱ्याच्या बाजूला सून कशी बसेल? ती मागंच बसायची, चाकाच्या वर, जिथं सगळ्यात जास्त आदळतं. मी सुनंदाकडं बघितलं. ती टेलिफोन व्हायला तयार नव्हती.

ती म्हणाली, "मामा, सहावा चालू हाय. लेकराला आता आवाज ऐकू यायला लागतो. सुनेशी बोलायला रीत आडवी येते. नातवाशी बोलायला येते का?"

मी विचार केला. येत नव्हती.

मी आरसा फिरवला आणि मागं न बघता म्हणालो, "लेकरा, तुझी माय मागं बसली हाय. तिथं धक्के बसतात. तिला म्हणाव पुढं ये."

मग मागून पदराआडून आवाज आला. "आज्याला सांग बाळा, लोक नावं ठेवतील."

मी म्हणालो, "तिला म्हणाव, लोकांची गाडी वेगळी हाय."

ती पुढं येऊन बसली. त्या दिवसापासून गाडीत अन् घरीही आमचं बोलणं सुरू झालं. लेकरा, तिला म्हणाव लोहाच्या गोळ्या जेवल्यावर घे. बाळा, आज्याला सांग, गोळ्यांनी तोंड कडू होतं. लेकरा, तिला म्हणाव गूळ खा. बाळा, आज्याला सांग, छातीत जळजळ होते. सहा वर्षांत जेवढं बोललो नव्हतो तेवढं पंधरा दिवसांत बोललो. रीतही मोडली नाही.

घरी बायको म्हणाली, "तुमी कुणाशी बोलून राहिले?"

मी म्हणालो, "नातवाशी."

*

पंचविसावा आठवडा. आधीची दोन्ही ह्याच सुमारास गेली होती. सकाळी मी अंगणात गाडी पुसत होतो. कविता दारात येऊन उभी राहिली. घरात सासू होती, तरी तिच्याकडं गेली नाही. पोटावर हात ठेवून खाली बघत म्हणाली, "बाळा, आज्याला सांग, तू रात्रीपासून हललं न्हाईस."

मी फडकं टाकलं. तपासणीचा दिवस नव्हता. गाडीत शेजारगावचे चार जण बसले होते, त्यांना उतरवलं. बायको मागं बसली, कविता पुढं.

गाडी जोरात पळवावी वाटत होती, पण खड्डे होते. हळू चालवणं मला त्या दिवशी जेवढं जड गेलं तेवढं कधी गेलं नाही. दवाखाना दोन किलोमीटर राहिला आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा. दोन ट्रॉल्या, वर टेप चालू. ड्रायव्हरला हॉर्न ऐकूच जाईना. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. ट्रॅक्टर बाजूला झाला, तरी हात हॉर्नवरच.

कवितानं माझ्या शर्टाचा हात धरला. कधी धरला नव्हता. दुसरा हात तिच्या पोटावर.

"बाळा," ती रडत होती, "आज्याला सांग, तू आता लाथ मारलीस."

मी हॉर्न परत वाजवला. तिनं हो म्हणून मान हलवली. परत वाजवला. परत मान हलवली. बायको मागून म्हणाली, "अजून वाजवा."

दवाखान्याच्या फाटकापर्यंत वाजवत गेलो. वॉचमन धावत आला. "मामा, बोर्ड दिसत न्हाई का? हॉर्न वाजवू नये लिहिलंय."

मी म्हणालो, "दिसतो. वाचता बी येतो. चौथी शिकलोय."

मॅडमनी तपासलं. ठोके बरोबर होते, टाका जागेवर होता. म्हणाल्या, "आणलंत ते चांगलं केलं. पुन्हा असं वाटलं तर घरी हॉर्न वाजवत बसू नका, लगेच इकडं या." मला पहिल्यांदा कोणाची बोलणी खाऊन बरं वाटलं.

*

अठ्ठाविसाव्या आठवड्यात नांदेडला गेलो. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर मी उभा. बायकोला पाय दुखत होते तरी तीही उभी. दार उघडलं. मॅडम म्हणाल्या, "एक किलो शंभर."

बायको भिंतीला टेकून खाली बसली. मी बाहेर येऊन निलंग्याला व्याह्यांना फोन लावला.

"व्याही, किलोच्या वर गेलं."

त्यांनी पलीकडं विहीणबाईंना हाक मारून सांगितलं. मग ते म्हणाले, "ओटी भरायला येतो. तुमच्या पेटीत साडी हाय ना?"

"हाय. पण ती नको. नवी आणा."

"हिरवी?"

"हिरवीच. अन् चांगली आणा."

परत येताना वाट वाकडी करून विष्णुपुरीला थांबलो. धरणाचं पाणी बघत सगळ्यांनी चहा घेतला. चहावाल्यानं विचारलं, "मामा, आज काय विशेष?" मी म्हणालो, "वजन केलं."

*

टाका वेळेवर कापला. नववा पूर्ण भरला. मुलगी झाली, दोन किलो नऊशे.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला गेलो. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं आत जायचं नाही, म्हणून दारात उभा राहिलो. पोरगी रडत होती. बायकोनं खांद्यावर घेऊन बघितलं, विहीणबाईंनी मांडीवर थोपटून बघितलं, सुनंदानं दुपट्यात घट्ट गुंडाळून बघितलं. कोणाचंच ऐकेना. खोलीभर आवाज.

कविता खाटेवर बसून ताकाचा पेला तोंडाला लावत होती. मला राहवलं नाही. दारातूनच म्हणालो, "लेकरा, तिला म्हणाव, ताक नको. कोमट पाणी पी. अन् पाय झाकून घे."

पोरगी गप्प झाली. डोळे उघडून दाराकडं बघायला लागली.

कवितानं पेला खाली ठेवला, पदर नीट केला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं.

"मामा," ती म्हणाली, "ती आता बाहेर आली. मला काय सांगायचं ते मलाच सांगा."