धाकटीचा स्फटिक

आष्ट्यात मंगलला कुणी वाईट म्हणत नव्हतं. चांगलंही कुणी म्हणत नव्हतं, आणि तिला सलायचं ते हेच. नवरा भाऊसो फौजेत होता तेव्हा म्हशी, ऊस, पोरांच्या शाळा तिनं एकटीनं ओढल्या. सासू मनुबाईला साखरेचा आजार जडला, तेव्हापासून गोळ्याही मंगलच द्यायची. मनुबाई गोळी घ्यायची, तोंड वाकडं करायची, बास. बरं वाटलं तर देवाची कृपा, नाही वाटलं तर मंगलचं पथ्य चुकलं.

धाकटी जाऊ दीपमाला साताऱ्याला राहायची. दीर जयराज तिथं एमआयडीसीत कामाला होता. दीपमालानं मोबाइलवर कसलासा कोर्स केला आणि स्फटिकानं दुखणी बरी करायला लागली. रविवारी आष्ट्याला आली की मखमली पिशवीतून खडे काढायची. मनुबाईचे पाय मांडीवर घ्यायची, त्यावर काचेसारखा पांढरा खडा ठेवून डोळे मिटायची.

"आत्या, ऊर्जा जाणवते का?"

"व्हय गं पोरी! मुंग्या येत्यात बघ. लय ग्वाड वाटतंय."

आळीतल्या बायकाही गुडघे, कंबर घेऊन यायला लागल्या. मंगल आत चहा उकळायची आणि तो हसण्याखिदळण्याचा आवाज ऐकायची. इतकी वर्षं याच पायांना तेल चोळलं, तेव्हा एकदा तरी 'ग्वाड' म्हणाल्या होत्या?

"नुसता दगूड हाय त्यो," ती भाऊसोला म्हणाली.

"असंल. तुझं काय जातंय? म्हातारी हसतीया न्हवं?"

दीपमाला जाताना एक खडा सासूच्या उशाशी ठेवून गेली. मंगलनं तो उचलला आणि त्या जागी भाऊसोच्या दाढीच्या डब्यातली तुरटी कापडात गुंडाळून ठेवली. म्हातारी रोज ती पायावर ठेवून डोळे मिटायची आणि म्हणायची, "आज लय गरम लागतंय."

रविवारी भरल्या सोप्यात मंगलनं पुडी सोडली. "बघा! तुरटी हाय ही. ह्यातनं येती का ऊर्जा?"

बायका वाकून बघायला लागल्या. दीपमालाचा चेहरा उतरला. मंगलला वाटलं, आता डोळे उघडतील सगळ्यांचे. पण मनुबाई कडाडली, "मला फसवतीस व्हय गं? धाकटीचं चांगलं बघवंना तुला!" एक म्हातारी पदराआड म्हणाली, "जळती, दुसरं काय."

मंगल आत गेली. वाईट याचं वाटत होतं, की त्यात खोटं काहीच नव्हतं. दगड दगडच होता आणि ती जळतही होती.

त्यानंतर मनुबाईनं खरा खडा परत उशाशी घेतला आणि मंगलच्या हातचं काही घेणं सोडलं. "गोळ्या ठेव तिथं. मी घीन." मंगल ठेवायची. पुढच्या आठवड्यात सासूची गादी झटकताना खालून गोळ्या घरंगळल्या. म्हातारीनं एकही पोटात घातली नव्हती. खड्यानं साखर उतरते, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. मंगल भाऊसोकडे धावली. तो वैतागला, "आता त्या पोरीच्या मागं लागू नगंस, मंगल." तिनं जयराजला फोन केला. त्यानं 'बघतो वहिनी' म्हणून ठेवून दिला. जळक्या बाईचं खरं ऐकणार कोण?

एका सकाळी सासूच्या खोलीत वास आला. मंगलनं पांघरूण ओढलं. उजव्या पायाचा अंगठा काळानिळा पडला होता, आणि म्हातारीला त्याचा पत्ताच नव्हता. "काय दुखत न्हाई मला," ती म्हणत होती.

"आत्या, दुखत न्हाई हेच वाईट हाय. चला!"

"धाकटीला येऊ दे."

मंगलनं कुणाला विचारलं नाही. शेजाऱ्याच्या गाडीत सासूला शिव्यांसकट घातलं आणि सांगलीचा दवाखाना गाठला. अंगठा काढावा लागला. पाय वाचला.

भूल उतरली तशी मनुबाई पुटपुटली, "दीपमाला आली का?" उशाशी बसलेल्या मंगलनं तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

भाऊसो आणि जयराजच्या मागोमाग दीपमाला आली ती रडतच. सासूला बिलगली. तेवढ्यात डॉक्टर आले आणि तिलाच म्हणाले, "वेळेवर आणलंत म्हणून पाय राहिला."

मंगलनं खाली बघितलं. हेही आता हिच्याच पदरात पडणार.

"मी नाही आणलं," दीपमाला डोळे पुसत म्हणाली. "अक्कांनी आणलं. माझ्या खड्याच्या नादानं आत्यांनी गोळ्या सोडल्या. मी सोडा म्हणाले नव्हते, पण चालू आहेत का, हेही कधी विचारलं नाही. अक्का सांगत होत्या, कुणी ऐकलं नाही."

भाऊसो, जयराज, सगळेच मंगलकडे बघायला लागले. मनुबाईनंही मान वळवली आणि चाचपडत तिचा हात धरला. ज्याच्यासाठी ती इतकी वर्षं तळमळली, ते हेच. मंगलचे डोळे भरून आले. पण शेजारच्या खाटेजवळ उभी असलेली एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "धाकटी सून किती मोठ्या मनाची बघा, चूक कशी कबूल केली!"

मंगलनं ते ऐकलं, आणि विझत आलेला जाळ पुन्हा भडकला. तिनं सासूचा हात मात्र सोडला नाही. दुसऱ्या हातानं गोळी पुढं केली आणि म्हणाली, "आ करा."