शत्रुघ्नरावांचे पंधरा तास

शत्रुघ्नराव एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांच्या वटार गावाहून कुणी कोल्हापूरला निघो की शिर्डीला, अंतर भागिले वेग करून हे पोहोचायची वेळ सांगणार. कुणी विचारलेलं नसलं तरी! ते निवृत्त झाले, पण डेपो काही डोक्यातून उतरला नाही. बायकोने, सुमेधाने त्यापायी कितीदा कपाळाला हात लावला असेल, त्याला गणती नाही.

लेकीचं, क्षितिजाचं लग्न ठरलं आणि यांच्या अंगात पुन्हा वेळापत्रक संचारलं. सुमेधाचा एकुलता भाऊ हरेश न्यूयॉर्कला. सात वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा त्याला वेळेत येता आलं नाही, अग्नी चुलतभावाने दिला. ते सुमेधाला अजून सलत होतं. निदान भाचीच्या मागे मामा म्हणून तरी तो उभा राहायलाच हवा होता. सुट्टी त्याला गुरुवार रात्रीपासून मिळत होती, त्याआधी एक दिवसही नाही. भटजींनी दोन मुहूर्त दिले: शुक्रवारी संध्याकाळी पावणेसात, नाहीतर रविवारी सकाळी.

"रविवार धरू या. निदान हरेशला विचारा तरी," सुमेधा म्हणाली.

"कोनाला कशाला विचारायचं? साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा तास. गुरुवारी रात्री नऊला सुटला की शुक्रवारी दुपारी बाराला मुंबईत. ट्राफिकचे तीन तास धर. तरी पावनेचार तास हातात!"

शुक्रवारच्या पत्रिका छापल्या, वाटल्याही. एक फोटो हरेशला गेला आणि त्याचा लगेच फोन आला.

"ताई, हे काय? मी शुक्रवारी रात्री साडेदहाला उतरतोय! इथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तुमच्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडलेली असते. भाऊजी हे विसरले?" मग म्हणाला, "जाऊ दे. लग्न थांबवू नका. न पोहोचायची मला आता सवय झालीय."

सुमेधाला रडू फुटलं. फोन ठेवून ती नवऱ्यावर कडाडली, "अख्ख्या जगाचं घड्याळ तुमच्याच डेपोत टांगलंय का हो?"

शत्रुघ्नराव कागदावर आकडे मांडत राहिले. दोनदा मांडले. मग स्कूटर काढून पापडीला व्याह्यांकडे गेले आणि दोन तासांनी परतले.

"रविवार केला," एवढंच म्हणाले. मांडव अंगणातच घालायचा होता, हॉलची तारीख अडत नव्हती, ते एक बरं झालं. मग पाहुण्यांची यादी पुढे ओढून एकेकाला फोन लावू लागले. "माझी चूक झाली. लगीन आता रविवारी, अकरा पाचला." प्रत्येकाला तेच, तितक्याच खालच्या आवाजात. एकतीस वर्षांत डेपोत हे वाक्य कुणी ऐकलं नसेल. सुमेधा भाजी निवडत ऐकत होती. राग अजून उतरला नव्हता.

तुळिंजच्या कल्पेशला फोन लागला. "तुमच्याकडून वटार म्हंजे पाऊन तास धर," ते सवयीने म्हणाले आणि अडखळले. "नाय, थांब. तूच सांग बाबा, किती वेळ लागतो?"

"आता सुचतंय!" सुमेधा पुटपुटली, आणि उठून तिने त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.