सात नंबरची खोली

मी लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. आमच्या घरात सहीपलीकडे कुणी पेन चालवलेलं नाही. तेव्हा असं निबंध लिहायला बसणं मला थोडं आगाऊपणाचं वाटतं, आणि त्याची माफी मी आधीच मागून ठेवतो. दुसरंही एक कारण आहे. मी एकदा नको तिथं लिहून बसलो. फक्त एक आकडा लिहिला. पण त्या आकड्यानं एका बाईच्या डोक्यावरचं छप्पर गेलं. दमट दारावर खडू घासला की थंड, चुनकळीसारखा वास येतो. तो वास आला की अजूनही माझा हात आपोआप खिशात जातो.

मी न्हावऱ्याहून दौंडला कॉलेजला येतो. तास बाराला संपतात आणि परतीची एसटी चारला. मधल्या चार तासांचं काय करायचं? कॅन्टीनमध्ये बसायचं तर बोलावं लागतं, आणि मला बोलायला वेळ लागतो. रिकाम्या इमारतींना मात्र माझी घाई नसते. शाळेत असताना शिरूरच्या बंद थिएटरपासून हा नाद लागला. तिथल्या तिकिटाच्या खिडकीत कोळ्यानं इतकं नेटकं जाळं विणलं होतं, की आत कुणी बसलेलं आहे असंच वाटावं. पडक्या जागेचं हेच तर आहे! जिथं कुणी नसतं तिथंच कुणीतरी असल्याचा संशय सर्वांत जास्त येतो. भरल्या घरात आपण कधी मागं वळून पाहतो का?

दौंडला स्टेशनच्या मागं रेल्वेच्या जुन्या क्वार्टरची एक रांग आहे. दगडी भिंती, वर कौलं, एकूण बारा खोल्या. बाभळींनी अंगणं गिळली आहेत. गाडी गेली की कौलांतून माती झरते आणि मग बराच वेळ शांतता थरथरत राहते. बऱ्याच खोल्यांच्या खिडक्यांचे गज कुणीतरी काढून नेले होते. मी रोज एक खोली पाहायचो, वहीत चार ओळी लिहायचो आणि निघताना दारावर खडूनं आकडा घालून त्याभोवती गोल करायचो. ही सवय वडिलांची. ते रांजणगावला कंपनीत पॅकिंगला आहेत. तपासलेल्या प्रत्येक खोक्यावर ते अशीच खूण करतात. "खूण न्हाई म्हंजी माल बघितलेलाच न्हाई," असं ते म्हणतात.

सातव्या खोलीला कुलूप होतं. जुनं, पण तेल दिलेलं. उंबऱ्यासमोर झाडल्याच्या ताज्या रेघा होत्या आणि पत्र्याच्या डब्यात गवती चहा लावलेला. मी बाहेरूनच आकडा घातला. दुसऱ्या दिवशी आकडा नव्हता. ओल्या फडक्यानं पुसल्याचा डाग तेवढा होता. पुन्हा घातला, पुन्हा पुसला. बाकीचे आकडे जागच्या जागी, आणि सातच का पुसला जावा? मला वाटलं, गज चोरणाऱ्यांचा माल इथंच असणार. मग मला सगळेच संशयित दिसायला लागले. भंगार वेचणारा माणूस, डबा घेऊन लगबगीनं जाणारी एक म्हातारी, इतकंच काय, कोपऱ्यावर चहाची टपरी चालवणारे आप्पासुद्धा.

आप्पांना मी एकदा भीतभीतच विचारलं, "आप्पा, त्या खोल्यांत कुणी राहतं का हो?"

त्यांनी माझ्या वहीकडं पाहिलं. "कोन ऱ्हाणार तितं? नागाचं जोडपं हाय. तुमी काय लगीन लावून द्यायला आलाय व्हय त्यांचं?"

टपरीवरचे सगळे हसले. पण आप्पा हसले नाहीत, आणि तेवढ्यावरून माझा संशय पक्का झाला. माणूस खोटं बोलतो आहे हे मला बरोबर कळलं होतं. तो का बोलतो आहे, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

बैलपोळ्याला शिंगं रंगवून उरलेला लाल ऑइल पेंट घरी होता. तो मी बाटलीत भरून आणला आणि सातव्या दारावर वीतभर आकडा काढला. आता पुसा म्हणावं! जो रंग लावून आम्ही वर्षातून एकदा बैलांपुढं हात जोडतो, तोच मी कुणाला तरी धाक घालायला वापरला.

दोन दिवसांनी पाहिलं तर आकड्याची एक कड सुरीनं खरवडलेली होती. चौथ्या दिवशी कुलूप नव्हतं, गवती चहाचा डबाही नव्हता. चोर पळाले म्हणून मी खूश झालो. महिनाभर त्या खुशीतच राहिलो, हे इथं लिहितानाही जड जातं.

परवा आप्पांच्या टपरीवर पैसे काढताना माझा एसटीचा पास खाली पडला. आप्पांनी उचलला, लांब धरून वाचला.

"तू कॉलेजचा हाय?"

"हो."

"आन् ते नंबर?"

मी वडिलांच्या खोक्यांची गोष्ट सांगितली. आप्पांनी स्टोव्ह बारीक केला आणि बाकावर बसले. "आरं, पाडायच्या आदी असंच नंबर टाकत्यात घरावर. आमी तुला रेल्वेचा मापवाला समजलो. तवा तर नागाचं सांगितलं तुला."

सातमध्ये ती डबा घेऊन जाणारी म्हातारी राहत होती. खानावळीत भाकऱ्या थापायची. मुलगा रांजणगावला कामाला, चौघांत एक खोली. तिथं आईला जागा नव्हती म्हणून ती इथं. खडू होता तोवर ती रोज पहाटे आकडा पुसायची आणि दिवस ढकलायची. लाल रंग पाहिल्यावर मात्र तिनं बोचकं बांधलं. आता ती मुलाकडंच असते. रात्रपाळीची पोरं दिवसा झोपायला आली, की ती जिन्यात जाऊन बसते.

मी उठून खोलीकडं गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत फरशी पुसलेली, चुलीची राख भरून नेलेली, कोपऱ्यात केरसुणी उभी. महिनाभराच्या धुळीखालीही फडक्याचे फराटे दिसत होते. चोर म्हणून ज्याच्या पाठीमागं लागलो, त्यानं माझ्यासाठी घर पुसून ठेवलं होतं. लाल सात तेवढा दारावर ठसठशीत होता. मी तो भिंतीतून निखळलेल्या, चुना लागलेल्या दगडानं घासत राहिलो. हाताला तोच वास आला, ओल्या चुन्याचा. चारची एसटी चुकली.

परत आलो तेव्हा आप्पा टपरी आवरत होते. मी रांजणगावचा पत्ता मागितला. तो देताना ते म्हणाले, "जाताना तिनं तुझ्यासाठी निरोप ठिवला हुता. द्यावा का न्हाई, कळंना."

आमच्या घराण्यात आजवर कुणाला कुणी साहेब म्हटलेलं नाही. तो निरोप असा होता: "साहेबास्नी सांगा, खोली खाली केली हाय. झाडूनपुसून ठिवली हाय. म्हातारीवर राग धरू नका म्हनावं."