डूम्ड ठरलेली डेअरी

लिंबागणेशच्या वरच्या अंगाला डोंगरात साठेक उंबऱ्यांची एक वाडी आहे. तिथल्या वच्छलाबाई गर्कळ यांच्या डोक्यात एकदा डेअरी शिरली, ती काही केल्या निघेना. रोज पहाटे किटली घेऊन तीन किलोमीटर उतरायचं, सडकेवर दूधवाल्याच्या गाडीची वाट बघायची, आणि गाडीला उशीर झाला की नासलेलं दूध घेऊन परत चढायचं.

"गाय आमची, दूध आमचं, अन् वाट मातर त्याच्या गाडीची," त्या म्हणायच्या.

एकोणीस सालचा दुष्काळ. टँकरचं पाणी आधी गाईला, मग घरात, असे दिवस. तरी वच्छलाबाईंनी बावीस बायका गोळा केल्या, बायकांच्या दूध संस्थेसाठी अर्ज केला आणि दूध थंड ठेवायची टाकी मागितली. टाकी देणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेचा पोरगा आला, घरोघर विचारून माहिती घेऊन गेला. दोन महिन्यांनी पत्र आलं, तेही इंग्रजीत.

सातवी शिकलेल्या वच्छलाबाई ते घेऊन लिंबागणेशला मुनव्वरभाईंच्या टायपिंगच्या दुकानात गेल्या. मुनव्वरभाईंनी चष्मा पुसून पत्र वाचलं आणि शेवटच्या ओळीवर ते थबकले.

"ताई, तुमची डेअरी डूम्ड आहे म्हणतात."

"म्हंजे नापास?"

"तसं न्हाई. नापास निकालानंतर म्हणतात. डूम्ड तर पोरगं अजून पेपर लिहीत असतं तेव्हाच म्हणायचं. जहाज पाण्यावर चाललंय, पण बुडणार हे ठरलेलंच आहे, त्या जहाजाला डूम्ड म्हणायचं. मेलेल्याला हा शब्द लागत न्हाई. जित्यालाच लागतो."

"आमची तर अजून जल्मली बी न्हाई." वच्छलाबाईंनी पत्राकडं बोट केलं. "अन् जहाज बुडालंच न्हाई तर?"

"तर मग म्हणणाऱ्यानं घाई केली."

"पर ठरवलं कुणी?"

मुनव्वरभाईंनी कपाटातली डिक्शनरी काढली, बोट फिरवलं. "ठरलेलं, एवढंच दिलंय. कुणी ठरवलं ते या शब्दात येत न्हाई." मग त्यांनी पत्राचं मागचं पान उलटलं. तिथं तक्ता होता. "बावीस घरं मिळून अकरा लिटर दूध. अकरा लिटरनं टाकीचा तळ तरी झाकंल का? तुमच्या घरचं लिहिलंय, अर्धा लिटर."

वच्छलाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांची गाय सहा लिटर द्यायची. अर्धा लिटर हे त्यांनीच सांगितलं होतं, त्यांच्याच तोंडानं.

वाडीत दुधाचा आकडा कुणी बोलत नाही. पाहुण्यानं विचारलं तर "कुठलं दूध, वासरालाच पुरत न्हाई" हे ठरलेलं उत्तर. आकडा बोलला की दृष्ट लागते. तो पोरगा तर परका, हातात मोबाइल घेऊन अंगणात उभा. बाविसाही जणींनी त्याला तेच ऐकवलं होतं, आणि त्यानं बिचाऱ्यानं तेच लिहून नेलं होतं.

शुक्रवारी दुपारी समाजमंदिरात बायका जमल्या. वच्छलाबाईंनी पत्र सांगितलं, शब्द सांगितला, तक्ताही सांगितला.

"म्या तर गाय भाकड हाय म्हनलं," शेजारची छबुबाई म्हणाली.

"अन् वासरू तिथंच लुचत हुतं की गं!" कुणीतरी म्हणालं आणि हसण्याचा गलका झाला.

"आता खरे आकडे द्यायचे," वच्छलाबाई म्हणाल्या. "हितंच. समद्यींच्या म्होरं."

हसू जागीच थांबलं. परका आला तसा निघून जातो, शेजारणीची नजर रोजची असते. दारात बसलेली त्यांची सासू दगडाबाई खेकसली, "तोंड सांभाळ, सूनबाई. वासरू लहान हाय."

वच्छलाबाईंना आधीचं वासरू आठवलं. चार वर्षांमागं माहेरच्या लग्नात त्या फुशारकीनं आकडा बोलून बसल्या होत्या, आणि आठवड्यात वासरू दगावलं होतं. डॉक्टर म्हणाले, हगवण. डोक्याला ते पटलं होतं, जिवाला अजून नाही. पण आज गप्प बसलं तर पुण्याचा शब्द खरा होणार होता, आणि तो खरा करणाऱ्या आपणच असणार होतो.

"माझी सहा," त्या म्हणाल्या.

मग छबुबाईनं पदर सावरला. "माझी पाच. पर लाथ मारती, ते बी लिही."

एकेक आकडा निघत गेला. बेरीज चौऱ्याण्णव. पत्रात टाकीसाठी निदान शंभर मागितले होते.

"सहा वाढवून टाक की, कोण बघतंय!"

"आंदी कमी सांगून बुडालो, आता जास्त सांगून बुडायचं का?" वच्छलाबाईंनी चौऱ्याण्णवच लिहिले. मुनव्वरभाईंनी इंग्रजीत टाइप केलं, खाली एक ओळ जोडली: विचारू नका, येऊन मोजा.

दुसऱ्या दिवशी गाईनं साडेपाच लिटर दिलं. दगडाबाई नुसतं "बघ" म्हणाली आणि मीठ-मोहऱ्या ओवाळायला उठली. वच्छलाबाईंनी ओवाळू दिलं. कालची वैरण कमी पडली होती, हे त्यांना माहीत होतं. तरी दिवसभर वासराकडं चार वेळा जाऊन आल्या.

पंधरवड्यानं तो पोरगा माप घेऊन आला. पहाटे गोठ्यात धार काढून झाली, वच्छलाबाईंनी बादली मापात रिकामी केली. पोरगा वाकून म्हणाला, "सहाच्या वर आहे, ताई," आणि लिहायला लागला.

मागं उभी असलेली दगडाबाई पुढं आली आणि तिनं त्याचा हात धरला.

"थांब रं लेकरा. कावून घाई करतूस? फेस बसू दे, मंग लिही."